माँटू १८ मिमी, छातीचा एक्स-रे स्वच्छ, डोळ्यात सर्पिजिनससारखे (सापासारखे पसरणारे) व्रण: एटीटी (टीबीची औषधे) सुरू करावी का?

डिचोलीचा_दवाखाना

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या ठिकाणी स्लिट लॅम्प, इनडायरेक्ट आणि साधा ओसीटी (पडद्याच्या थरांचा स्कॅन) एवढेच हाताशी असते. अँजिओग्राफीसाठी रुग्णाला बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजला) पाठवावे लागते. त्याआधी काय करून ठेवावे आणि काय मुळीच करू नये, ते विचारतो.

रुग्ण पुरुष, वय ३४, वजन ५८ किलो, मधुमेह नाही. उजव्या डोळ्याची नजर ६/३६, डाव्याची ६/६. पुढच्या कप्प्यात पेशी जवळजवळ नाहीत, व्हिट्रियसमध्ये (डोळ्याच्या आतल्या जेलीत) थोड्या आहेत. उजव्या पडद्याखाली पिवळसर-राखाडी चट्टे, सुरुवातीला सुटे सुटे, आता एकमेकांत मिसळून अमिबासारखे पसरत चाललेले. कडा फुगीर आणि धूसर, मधला भाग बरा होऊन रंगद्रव्य जमलेले. ऑप्टिक डिस्कला चिकटून काही नाही. एक चट्टा फोव्हियापासून (नजरेच्या मध्यबिंदूपासून) जेमतेम अर्ध्या डिस्कवर आहे. डाव्या डोळ्यात परिघाला दोन जुने व्रण.

आधी दुसरीकडे तोंडावाटे प्रेडनिसोलोन ४० मिग्रॅ दिले होते. तीन आठवडे बरे वाटले, डोस उतरवताच पुन्हा उसळले. माँटू (टीबीची त्वचेतली चाचणी) १८ मिमी, छातीचा एक्स-रे स्वच्छ. खोकला, ताप, वजन घटणे यांतले काहीही नाही. फिजिशियनचे म्हणणे, "छातीत काही नाही, थुंकी नाही, मग सहा महिने टीबीच्या गोळ्या कशाच्या जोरावर देऊ?"

प्रश्न असे: एक्स-रे स्वच्छ म्हणजे टीबी नाही असे धरायचे का? डोळ्यातले पाणी काढून तपासावे का? स्टेरॉइड कधी आणि किती? आणि एथॅम्बुटॉल हे टीबीचे औषध डोळ्याच्या नसेला इजा करू शकते, ते आधीच अधू झालेल्या डोळ्याला कसे द्यायचे?

पडदा_आणि_युव्हिआ

डॉक्टर, वर्णन चांगले दिलेत, त्यामुळे निम्मे काम झाले. डोळ्याच्या टीबीत जंतू हाती लागणे हा अपवाद असतो. म्हणून निदान तीन पायांवर उभे करायचे: डोळ्यातले चित्र टीबीचे वाटते का, शरीराने टीबीचा जंतू कधी ओळखल्याची खूण आहे का, आणि असेच दिसणारे दुसरे आजार बाजूला काढले का. चौथा पाय म्हणजे छाती. पण तो एक्स-रेवर तपासला तर लंगडाच राहतो.

चित्राबद्दल बोलायचे तर तुम्ही लिहिलेले सर्पिजिनस हे टीबीच्या बाजूचे आहे. मूळ सर्पिजिनस कोरॉयडायटिस (कोरॉइडची, म्हणजे पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थराची सूज), टीबीशी संबंध नसलेला, सहसा दोन्ही डोळ्यांत डिस्कपासून सुरू होऊन सलग पसरतो आणि व्हिट्रियस जवळजवळ स्वच्छ असते. टीबीवाल्यात चट्टे अनेक ठिकाणी सुटे उगवतात, नंतर जुळतात, डिस्कच्या कडेला सोडून असतात आणि व्हिट्रियसमध्ये पेशी सापडतात. नुसत्या स्टेरॉइडवर बरे होऊन डोस उतरवताना परत उसळणे, ही खूणही याच बाजूला बोट दाखवते.

बांबोळीला पाठवताना पत्रात नुसते 'एफएफए' (पडद्याची अँजिओ) लिहू नका. रंगीत फोटो, ऑटोफ्लुरोसन्स (पडद्याची स्वतःची चमक टिपणारा फोटो) आणि शक्य असेल तर आयसीजीही (कोरॉइडची अँजिओ) मागा. अँजिओत सक्रिय कडा सुरुवातीला काळी आणि उशिराच्या फोटोंत उजळ दिसते. ऑटोफ्लुरोसन्समध्ये सक्रिय कडेभोवती धूसर उजळ वलय असते. व्रण भरत आला की वलयाला काळी रेघ येते आणि शेवटी सगळा चट्टा काळा होतो. पुढे 'बरे होतेय की बिघडतेय' हा वाद मिटवायला हाच फोटो सर्वांत स्वस्त आणि बिनसुईचा. म्हणून औषध सुरू करण्याआधीचा एक फोटो हवाच, नाहीतर महिन्याभराने तुलना कशाशी करणार?

आता असेच दिसणारे दुसरे आजार. सिफिलिससाठी व्हीडीआरएल आणि टीपीएचए दोन्ही करा, एकट्या व्हीडीआरएलवर विसंबू नका. सिफिलिस डोळ्यात कुठलेही सोंग घेतो. एचआयव्ही करा. सार्कॉइडसाठी (टीबीसारख्याच गाठी करणारा दुसरा आजार) कॅल्शियम, एसीई आणि छातीचा सीटी. जुन्या व्रणाच्या कडेला एकच पांढरा पुंजका आणि वर दाट धुके असेल तर टॉक्सोप्लाझ्मा मनात आणा, पण तुमचे चित्र तसे नाही. आपल्याकडे पावसाळ्यात शेतात उतरणाऱ्यांत लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) युव्हायटिसही (डोळ्याच्या आतली सूज) येतो. तो मात्र ग्रॅन्युलोमॅटस नसतो: डोळा लाल, पुढच्या कप्प्यात पू साठू शकतो, व्हिट्रियस दाट, आणि ताप येऊन गेल्याचा इतिहास. कोरॉइडचे असे सापासारखे चट्टे त्यात अपेक्षित नाहीत.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. निदान पक्के होईपर्यंत डोळ्याभोवती ट्रायअ‍ॅम्सिनोलोन या स्टेरॉइडचे इंजेक्शन देऊ नका. एकदा दिलेला डेपो परत काढता येत नाही. आणि कुणी अ‍ॅडॅलिमुमॅब (प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) सुचवले तर टीबी नाही असे सिद्ध होईपर्यंत हातसुद्धा लावू नका.

सूक्ष्मदर्शी_फोंडा

माँटू १८ मिमी हे वाचून मी पहिला प्रश्न विचारतो: किती टीयू (ट्युबरक्युलिन युनिट), आणि मोजले कुणी?

बाजारात १, २, ५ आणि १० टीयूच्या कुप्या मिळतात. १० टीयूने आलेला १८ आणि ५ टीयूने आलेला १८ हे एकच नव्हेत. टोचण्याचे प्रमाण ०.१ मिली, त्वचेतच, आणि लगेच ६ ते १० मिमीचा पांढरा फुगा उठला पाहिजे. फुगा उठलाच नाही तर औषध त्वचेखाली गेले, ती चाचणी फुकट. वाचन ४८ ते ७२ तासांत, हाताला आडवे, आणि लाली सोडून फक्त घट्टपणा मोजायचा. बॉलपेन बाहेरून आत सरकवत न्यायचे, अडले तिथे खूण करायची, दोन्ही बाजूंनी. 'पॉझिटिव्ह' एवढेच लिहिलेला रिपोर्ट परत पाठवा, आकडा लिहून मागा. आपल्याकडे साधारण १० मिमीपासून पुढे पॉझिटिव्ह धरतात, एचआयव्ही असलेल्यात किंवा रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यात ५ मिमीपासून. तुमच्या रुग्णाला आधी स्टेरॉइड होते, तरी १८ आला, म्हणजे खोटा निगेटिव्ह येण्याची भीती नव्हती. खोटा पॉझिटिव्ह नाही ना, एवढेच बघायचे.

म्हणून इग्रा (टीबीच्या संसर्गाची रक्ततपासणी) करा. त्याला बीसीजीचा अडथळा येत नाही. पण दोन्ही चाचण्यांचे दुखणे एकच: शरीरात जंतू झोपलेला आहे की जागा, हे दोन्हींपैकी एकीलाही सांगता येत नाही. आपल्या देशात झोपलेला जंतू बाळगणारे खूप आहेत. म्हणून साध्या, पहिल्याच वेळच्या, डोळ्याच्या मागच्या भागात काही नसलेल्या आयरायटिसमध्ये (डोळ्याच्या पुढच्या भागातली सूज) पॉझिटिव्ह इग्रा बघून लगेच टीबीच्या गोळ्या देणे मला तरी पटत नाही. तुमच्यासारख्या कोरॉइडच्या चित्रात तोच रिपोर्ट वजनदार ठरतो.

इग्राच्या रक्तासाठी गोव्यात एक खास अडचण आहे. अनेक संकलन केंद्रांवरून नमुने राज्याबाहेरच्या प्रयोगशाळेत जातात. चार ट्यूब, प्रत्येकीत १ मिली. कमी-जास्त रक्त चालत नाही. घेतल्यावर प्रत्येक ट्यूब दहा वेळा वर-खाली, आतल्या भिंतीला रक्त लागेल इतकी, पण फेस येईल इतकी नाही. या ट्यूबा फ्रिजमध्ये ठेवायच्या नाहीत आणि १६ तासांच्या आत ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये गेल्या पाहिजेत. शनिवारी दुपारी रक्त काढून सोमवारी गाडीत घालणाऱ्या केंद्रावरून 'इनडिटरमिनेट' आला तर दोष रुग्णाचा नव्हे. आधी विचारा, इन्क्युबेशन इथेच करून पाठवता का? हो म्हणणाऱ्याकडेच पाठवा. ०.३५ आययू/मिलीच्या अगदी सीमेवरचा आकडा आला तर त्यावर इमले बांधू नका.

आणि क्रम पाळा: इग्राचे रक्त माँटूच्या आधी किंवा टोचल्यापासून तीन दिवसांच्या आत. त्यानंतर माँटूच्याच औषधाने इग्रा फुगू शकतो.

पडदा_आणि_युव्हिआ

सूक्ष्मदर्शी, आयरायटिसबद्दल तुमच्याशी सहमत. तिथे वारंवार येणे, मटणाच्या चरबीसारखे जाड केपी (कॉर्नियाला आतून चिकटलेले पेशींचे पुंजके), आयरिसवर गाठी, रुंद सायनेकिया (आयरिस लेन्सला चिकटणे), आणि सोबत छातीत जुनी खूण, असे सगळे जमले तरच पुढे जायचे.

डोळ्यातल्या पाण्याबद्दल. डॉक्टर, तुमच्या रुग्णात पुढच्या कप्प्यात पेशीच नाहीत. तिथले ०.१ मिली पाणी काढून पीसीआर केले तर निगेटिव्ह येण्याचीच शक्यता जास्त, आणि मग तोच निगेटिव्ह रिपोर्ट फिजिशियन पुरावा म्हणून नाचवणार. आजार जिथे आहे तिथला नमुना म्हणजे व्हिट्रियस, तोही इन्फ्युजन सुरू करण्याआधीचा, पाणी न मिसळलेला, अर्धा ते एक मिली. पण पहिल्याच फेरीत त्याची गरज नाही. ४ ते ६ आठवडे पूर्ण उपचार करूनही उत्तर मिळाले नाही, किंवा लिंफोमासारखी शंका आली, तर व्हिट्रेक्टमीची (व्हिट्रियस काढण्याच्या शस्त्रक्रियेची) तयारी ठेवायची.

ज्यांच्याकडे पुढच्या कप्प्यात दाट पेशी असलेला रुग्ण येईल त्यांच्यासाठी लिहितो: ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन टाकून दोन-तीन मिनिटे थांबा, मग सलाइनने नीट धुवा. सिरिंज ट्युबरक्युलिनची, सुई ३० गेजची. लिंबसजवळून आयरिसला समांतर जायचे आणि टोक बाहुलीसमोर न्यायचे नाही, लेन्सला लागले तर मोतीबिंदू आपण केला. ०.१ ते ०.२ मिली पुरे. निर्जंतुक ट्यूबमध्ये, बर्फाच्या डब्यातून, त्याच दिवशी प्रयोगशाळेत.

सूक्ष्मदर्शी_फोंडा

त्याला जोडून: फॉर्मेलिनमध्ये टाकू नका. पापणीची किंवा कंजंक्टायव्हाची गाठ काढलीत तर तुकडे दोन करा, एक फॉर्मेलिनमध्ये पॅथॉलॉजीला, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये कल्चर आणि पीसीआरला. अख्खा तुकडा फॉर्मेलिनमध्ये आला की कल्चरची वाट संपली. आणि हे जवळजवळ दर वेळी होते.

पीसीआर मागताना कुठले जनुक ते विचारा. एकट्या आयएस६११० वर चालणारी चाचणी दक्षिण भारतातल्या काही जंतूंना पकडत नाही, कारण त्यांच्यात त्या तुकड्याची एकही प्रत नसते. एमपीबी६४ आणि प्रोटीन बी सोबत असलेली मल्टिप्लेक्स चाचणी बरी. ट्रूनॅट आपल्याच गोव्यातल्या मोलबायोचे यंत्र, जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मान्यता दिलेले, त्याचा अभिमान आहेच. पण ते बनले थुंकीसाठी. डोळ्याच्या थेंबभर पाण्यात जंतू मोजकेच असतात. पॉझिटिव्ह आले तर सोने, निगेटिव्ह आले तर काहीच सिद्ध होत नाही. सीबीनॅट या तशाच चाचणीचेही तेच.

छाती_आणि_क्षय_मडगाव

फिजिशियन सहकाऱ्याच्या शंकेला उत्तर द्यायला मी आलो. त्यांचे चुकत नाही, त्यांना पुरावा हवा आहे. पण पुरावा शोधायची जागा चुकते आहे.

डोळ्याचा टीबी असलेल्या बऱ्याच रुग्णांची फुप्फुसे एक्स-रेवर स्वच्छ असतात. आजार असलाच तर तो मेडियास्टायनमच्या (दोन फुप्फुसांमधल्या भागाच्या) गाठींत असतो, आणि तिथल्या लहान गाठी एक्स-रेवर हृदयाच्या आणि श्वासनलिकेच्या सावलीत दडतात. छातीचा सीटी करा, आणि तो कॉन्ट्रास्टसह. नुसता एचआरसीटी फुप्फुसासाठी चांगला, गाठींच्या आतले नेक्रोसिस त्यात कळत नाही. टीबीची गाठ बहुधा मधून काळी आणि कडेने उजळ दिसते. सार्कॉइडच्या गाठी दोन्ही बाजूंना सारख्या आणि सहसा मधून न कुजलेल्या.

गाठ सापडली तर एंडोब्रॉन्कियल अल्ट्रासाउंडखाली सुईने नमुना घेता येतो. मग जंतू डोळ्यात शोधायची गरजच उरत नाही: गाठीतून जंतू मिळतो, शिवाय रिफॅम्पिसिनला दाद देणार का तेही त्याच दिवशी कळते. हा नमुना स्टेरॉइड आणि एटीटी सुरू करण्याआधी घ्या.

आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचे एकमतही असेच आहे. 'कॉट्स' गटाने सर्पिजिनससारख्या टीबीसाठी ठरवले, की माँटू किंवा इग्रा यांपैकी एक पॉझिटिव्ह असेल तर छातीत टीबीशी जुळणारी खूण नसली तरी एटीटी सुरू करावी. कोरॉइडचा ट्युबरक्युलोमा (टीबीची गाठ) असेल तरी हेच. सीटीही स्वच्छ निघाला आणि माँटू-इग्रा दोन्ही ठाम पॉझिटिव्ह, तर मी नेत्रतज्ज्ञाच्या शब्दावर सुरू करतो, कारण फोव्हियाजवळचा चट्टा वाट बघत नाही.

सुरू केल्यावर. निक्षयवर (सरकारी टीबी नोंदणीत) नोंद करा, 'एक्स्ट्रापल्मनरी, क्लिनिकली डायग्नोज्ड' म्हणून. टीबी २०१२ पासून कळवण्याचा आजार आहे, खाजगी डॉक्टरलाही सूट नाही. नोंद झाली की औषध फुकट, आणि पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात (नोव्हेंबर २०२४ पासून, आधी ५०० होते). रुग्णाचे आधार बँकेशी जोडलेले नसेल तर पैसे अडकतात. पहिल्याच दिवशी बघून घ्या.

डोस: रोज, वजनाप्रमाणे. चार औषधांची गोळी म्हणजे आयसोनियाझिड ७५, रिफॅम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४००, एथॅम्बुटॉल २७५. पन्नास ते चौसष्ट किलोला रोज ४ गोळ्या, एकदम, रिकाम्या पोटी. दोन महिन्यांनी पायराझिनामाइड वगळून तीन औषधांची गोळी, तितक्याच संख्येने. सोबत पायरिडॉक्सिन १० मिग्रॅ. डोळ्यासाठी एकूण ६ ते ९ महिने. फुप्फुसाबाहेरच्या टीबीसाठीचे भारतीय इंडेक्स-टीबी मार्गदर्शनही तेच सांगते. पडद्याच्या आजारात मी ९ कडे झुकतो.

लिव्हरच्या चाचण्या सुरुवातीला आणि मग लक्षणे असतील तर लगेच. एएलटी (लिव्हरचे एन्झाइम) पाच पट वाढले तर, किंवा मळमळ-कावीळ असून तीन पट वाढले तर, सगळी लिव्हरला जड औषधे थांबवायची. इथे एक आपल्याच घरचा विषय: उर्राकचा हंगाम मार्च ते मे. 'ती काय, काजूची हलकी' असे समजून रुग्ण घेतो. एटीटीवर दारू पूर्ण बंद, उर्राक आणि फेणी दोन्ही. हे नावे घेऊन सांगा. 'दारू पिऊ नका' म्हटले की पुष्कळांच्या हिशेबात उर्राक येतच नाही.

औषधालय_म्हापसा

छातीवाल्या डॉक्टरांचे उर्राक बरोबर, पण मासळी राहिली. आयसोनियाझिड शरीरातले हिस्टामाइन मोडणारे एन्झाइम दाबते. बांगडा, तारली, टुना यांसारखी गडद मांसाची मासळी उन्हात थोडी जरी राहिली तरी तिच्यात हिस्टामाइन साठते, आणि ते शिजवून जात नाही. मग जेवल्यावर अर्ध्या-एक तासात तोंड लाल, डोके ठणकणे, छातीत धडधड, डोळे खाजून लाल. रुग्ण समजतो गोळीची अ‍ॅलर्जी झाली आणि औषध सोडतो. नेत्रतज्ज्ञ लाल डोळा बघून युव्हायटिस परत आला समजतो. स्लिट लॅम्पवर पेशी नसतील आणि दुपारच्या जेवणाशी वेळ जुळत असेल तर मासळी विचारा. ताजी, बर्फात ठेवलेली मासळी खायला मनाई नाही. शिळा बांगडा आणि टेम्पोवर उशिरा आलेली तारली टाळायला सांगा.

दुसरे, रिफॅम्पिसिन लिव्हरमधली एन्झाइम चाळवते. प्रेडनिसोलोन लवकर मोडून जाते, शरीरातला त्याचा परिणाम जवळपास निम्म्यावर येऊ शकतो. डोळा न सुधारण्याचे हे एक कारण असते आणि ते कुणी मोजत नाही. कुटुंबनियोजनाच्या गोळ्या, वॉरफरिन, मधुमेहाच्या सल्फोनिलयुरिया, सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस, सगळ्यांचा जोर कमी होतो. लघवी आणि अश्रू केशरी होतात, हे आधीच सांगा. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स कायमच्या रंगतात, तोवर चष्मा वापरा.

डिचोलीचा_दवाखाना

देव बरे करो सगळ्यांना. माँटूची कुपी ५ टीयूची होती, वाचन घट्टपणाचेच. इग्रा ठाम पॉझिटिव्ह. टीपीएचए, एचआयव्ही निगेटिव्ह. कॉन्ट्रास्ट सीटीत सबकॅरायनल (श्वासनलिका दुभागते त्याखालची) गाठ १४ मिमी, मधून काळी. फिजिशियन आता स्वतःहून नमुन्याची व्यवस्था करताहेत. स्टेरॉइड आणि एथॅम्बुटॉलचे तेवढे राहिले.

पडदा_आणि_युव्हिआ

छान. नमुना झाला की लगेच एटीटी, रिपोर्टची वाट बघत फोव्हिया गमावू नका. स्टेरॉइड त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, तोंडावाटे प्रेडनिसोलोन किलोला १ मिग्रॅ, म्हणजे तुमच्या रुग्णाला सकाळी ६० मिग्रॅच्या आसपास, पोटाच्या गोळीसह. चट्टा फोव्हियाला टेकला तर तीन दिवस शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन रोज १ ग्रॅम. मग दर आठवड्याला ५ ते १० मिग्रॅ उतरवत दोन-तीन महिन्यांत बंद. उतरवणे घाईने केले की उसळते. औषधालयवाल्यांनी सांगितलेले रिफॅम्पिसिनचे गणित लक्षात ठेवा.

सर्वांत जास्त चुका दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात होतात. एटीटी सुरू असताना चट्टे वाढतात, नवी कडा दिसते, व्हिट्रियस धूसर होते. मरणाऱ्या जंतूंचे प्रतिजन सुटतात आणि शरीर त्यांच्यावर तुटून पडते. इथे लोक दोन उलट्या चुका करतात: कुणी 'टीबी नव्हताच' म्हणून एटीटी बंद करतो, कुणी 'औषध लागू पडत नाही' म्हणून दुसऱ्या फळीची औषधे सुरू करतो. दोन्ही नकोत. एटीटी तशीच चालू, गोळ्या खरेच घेतल्या का ते पाकिटावर मोजून बघायचे, आणि स्टेरॉइड एक पायरी वर. तोंडावाटे आणखी वाढवणे शक्य नसेल, समजा साखर चढली, तर डोळ्यात मिथोट्रेक्सेट ४०० मायक्रोग्रॅम ०.१ मिलीत, किंवा डेक्सामेथासोन इम्प्लांट. इम्प्लांट एटीटीच्या छत्राखालीच, आणि डोळ्याचा दाब दर भेटीला.

ओपीडी_ऑप्टोमेट्री

एथॅम्बुटॉलचे गणित आधी. ४ गोळ्यांत ११०० मिग्रॅ. ५८ किलोला किलोमागे १९ मिग्रॅ. पण त्याच गटातल्या ५० किलोच्या माणसाला २२ पडतात. एथॅम्बुटॉलने डोळ्याची नस बिघडण्याचा धोका डोससोबत वाढतो: किलोला १५ मिग्रॅवर शंभरात एकाहून कमी, २५ वर पाच-सहा, ३५ च्या पुढे अठराच्या आसपास. आणि आता दुसऱ्या टप्प्यातही गोळीत एथॅम्बुटॉल असते, म्हणजे सहा-नऊ महिने रोज. किडनी अधू असेल तर हेच डोस मोठ्या डोससारखे वागतात. क्रिएटिनिन न बघता सुरू करू नका.

उजवा डोळा आधीच ६/३६ असल्याने त्यात नजर घटली तर चट्ट्यामुळे की नसेमुळे, हे कळणार नाही. म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येक डोळ्याची वेगळी नजर, रंग, व्हिज्युअल फील्ड आणि ओसीटीवर नसेच्या तंतूंची आणि गँग्लियन पेशींच्या थराची जाडी, एवढे कागदावर हवे. मग दर महिन्याला. डावा चांगला डोळा हा तुमचा साक्षीदार. एथॅम्बुटॉल दोन्ही डोळ्यांना सारखेच धरते, त्यामुळे दोन्हीकडे रंग एकदम फिके पडले तर नस, एकाच डोळ्यात बिघाड तर बहुधा पडदा. इशिहाराची पाने लाल-हिरव्याची, निळा-पिवळा दोष त्यात सुटतो. डी-१५ पेटी असेल तर ती वापरा.

रुग्णाला घरी सांगायचे: दर रविवारी भिंतीवरच्या दिनदर्शिकेतले लाल आकडे एकेका डोळ्याने, त्याच अंतरावरून बघायचे. लाल तपकिरी वाटला तर पुढच्या महिन्याची वाट न बघता यायचे. शंका आली की एथॅम्बुटॉल त्याच दिवशी बंद. बंद करण्यासाठी एकत्रित गोळी सोडून सुटी औषधे मागवावी लागतात, ते छातीच्या डॉक्टरांकडून. त्यात दोन दिवस गेले तरी एथॅम्बुटॉल तेवढ्यासाठी चालू ठेवू नका.

डिचोलीचा_दवाखाना

एकोणिसाव्या दिवशी कडेला नवा चट्टा, ओसीटीत फोव्हियाखाली थोडे पाणी. गोळ्या मोजल्या, एकही चुकलेली नाही. गाठीच्या नमुन्यात जंतू सापडला, रिफॅम्पिसिनला दाद देणारा. एटीटी तशीच ठेवून प्रेडनिसोलोन ८० केले आहे. ठीक ना? घरच्यांचा आणखी एक प्रश्न, टॉवेल-उशी वेगळी करायची का?

छाती_आणि_क्षय_मडगाव

दाद देणारा जंतू हाती आहे, आता शंकेला जागा नाही, एटीटी हलवू नका. टॉवेल-उशी वेगळी करायची गरज नाही. डोळ्यातला टीबी स्पर्शाने किंवा अश्रूंनी पसरत नाही, आणि याच्या फुप्फुसांत आजार नाही. तरी घरातल्या सगळ्यांची एकदा तपासणी करा, पाच वर्षांखालचे मूल असेल तर आधी त्याची. जंतू त्याला कुठून तरी मिळालाच ना.

पडदा_आणि_युव्हिआ

८० ठीक. साखर आणि रक्तदाब आठवड्याला. दहा दिवसांनी तोच ऑटोफ्लुरोसन्स, त्याच यंत्रावर, आधीच्या फोटोशेजारी ठेवून बघा. फोव्हियाखालचे पाणी ओसरले नाही आणि रक्ताचा ठिपका दिसला तर ते उसळणे नव्हे, नव्या रक्तवाहिन्यांचे जाळे असू शकते. त्याला अँटी-व्हीईजीएफ (नव्या वाहिन्यांची वाढ रोखणारे औषध) लागते, स्टेरॉइड वाढवून उपयोग नाही. एटीटी संपल्यावरही सहा महिने बघत राहा. त्या काळात परत उसळले, किंवा प्रेडनिसोलोन १० च्या खाली उतरेना, तर उपचार फसले असे धरायचे आणि व्हिट्रियसचा नमुना तेव्हा काढायचा.